मायापुरीत काकांचं इंजिन

दिल्लीहून परत आल्यावर मैत्रिणींनी विचारलं, "काय काय पाहिलंस?" मी म्हटलं, "इंजिनं." त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. पण खरंच, दोन दिवसांत मी लाल किल्ला पाहिला नाही की सरोजिनी नगरला फिरकले नाही. छोले-भटुरे तेवढे खाल्ले. बाकी सगळा वेळ पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीत, ऑइलने काळ्या झालेल्या गल्ल्यांमध्ये काकांच्या मागे मागे गेला.

आमचं घर इंदूरचं. काकांची एक क्रेन आहे. म्हणजे टाटाचा १६१२ ट्रक आणि त्यावर मागे बसवलेली क्रेन. १९९६ चं मॉडेल, माझ्यापेक्षा वयाने मोठं. आग्रा-मुंबई रस्त्यावर राऊपासून खलघाटपर्यंत कुठेही ट्रक बंद पडला की काकांचा फोन वाजतो. मग काका जातात आणि तो ट्रक ओढून आणतात. याला सगळे टोचन म्हणतात. हा शब्द 'टो चेन'वरून आला असावा हे इंग्रजीत बीए करूनही मला फार उशिरा सुचलं. मोठ्या उत्साहाने काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग आम्ही वेगळं काय म्हणतोय?"

मे महिन्याच्या शेवटी काका धामनोदहून एक भरलेला ट्रक ओढत गणपती घाट चढत होते. हा घाट उतरताना ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी बदनाम आहे, पण चढतानाही तो गाडीचा जीव काढतो. रेडिएटरचा पाइप फुटला, पाणी गेलं, इंजिन तापलं. मागे गाड्यांची रांग लागलेली, सगळे हॉर्न वाजवताहेत. घाईत काकांनी तापलेल्या इंजिनावर थंड पाण्याचा कॅन ओतला. तीस वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाने. देवास नाक्याच्या उस्तादांनी इंजिन खोललं तेव्हा ब्लॉकलाच तडा गेलेला दिसला. आत क्रँकही धरलेला होता. काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या कुणाची चूक असती तर बहुतेक जास्त बोलले असते.

ब्लॉक म्हणजे इंजिनाचा सांगाडा. बाकी काहीही खराब झालं तरी दुरुस्ती होते. लायनर-पिस्टन नवे टाकता येतात, क्रँक ग्राइंडिंगला देता येतो, हेड बदलता येतं. ब्लॉक फुटला की दुसरं इंजिन. पावसाळा तोंडावर होता, आणि टोचनचा खरा सीझन तोच. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. उस्ताद म्हणाले, "मायापुरी चलते हैं." काकांनी मलाही घेतलं, कारण मला मोबाइलवर सगळं शोधता येतं असा त्यांचा समज आहे.

इंदूर-नवी दिल्ली इंटरसिटीत रात्रभर उस्तादांनी माझी शिकवणी घेतली. टाटाच्या या जुन्या इंजिनाचं नाव ६९७. सहा सिलिंडर आणि सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ९७ मिलिमीटर. नावातच सगळं! टाटा ४०७ मधलं ४९७ म्हणजे तोच बोअर, पण चार सिलिंडर. ६९७ चा स्ट्रोक १२८ मिलिमीटर, एकूण ५६७५ सीसी. मी लगेच मोबाइल काढला. ही सगळी मापं मर्सिडीजच्या ओएम ३५२ या इंजिनाशी तंतोतंत जुळतात. टाटांचा जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी ट्रक बनवण्याचा करार १९५४ चा, आणि रक्ताचं नातं इंजिनात अजून दिसतं. वरच्या बर्थवरून काकांचा आवाज आला, "म्हणजे आपल्याकडे मर्सिडीज आहे हे तुझ्या आईला सांग."

नवी दिल्ली स्टेशनवरून मेट्रो घेतली. राजीव चौकला बदलली, राजौरी गार्डनला पुन्हा बदलली, आणि पिंक लाइनवर पुढचंच स्टेशन मायापुरी. बाहेर पडल्यावर आधी वास येतो. जळलेलं ऑइल, डिझेल, गॅस कटरने कापलेलं लोखंड. मग आवाज. मग दिसतात ढीग. एका दुकानासमोर नुसते गिअरबॉक्स, दुसऱ्यासमोर दारं, तिसऱ्यासमोर स्टिअरिंग, माळा ओवल्यासारखी. एक मुलगा हातोडीने बेअरिंग मोकळं करत होता आणि शेजारच्या स्टुलावर त्याचा चहा थंड होत होता.

हा बाजार १९७० च्या दशकात जुन्या दिल्लीजवळच्या मोतिया खानमधून इथे आला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. धडधाकट इंजिनं असलेल्या कितीतरी गाड्यांचं आयुष्य त्यामुळे कागदावर संपलं. दुसरीकडे, प्रदूषणामुळे मायापुरीवरही लवादाची नजर आहे. २०१९ मध्ये इथे सीलिंगच्या वेळी मोठी झटापट झाली होती. तरी बाजार चालूच आहे.

पहिल्या दुकानात काका प्रेमात पडले. कमिन्सचं ६बीटी, सहा सिलिंडर, ५८८३ सीसी, टर्बोवालं. टाटा आणि कमिन्सने १९९३ मध्ये भागीदारी केली आणि जमशेदपूरच्या कारखान्यातून ही इंजिनं टाटाच्या ट्रकना मिळू लागली. अमेरिकेत डॉजच्या पिकअपमध्येही १९८९ पासून हेच इंजिन होतं, आणि तिकडचे लोक त्यावर जीव टाकतात. काकांनी हात फिरवला. "हे बसवलं तर घाटात गाडी गुणगुणत जाईल," ते म्हणाले.

उस्ताद काही बोलले नाहीत. खिशातून टेप काढला आणि इंजिनाच्या मागच्या बाजूची मापं घेत बसले. मग एकेक बोट मोडत हिशेब सांगितला. गिअरबॉक्सची जोडणी वेगळी, क्लच वेगळा, चासीवरचे माउंटिंग नव्याने वेल्ड करावे लागणार, रेडिएटर मोठा लागणार. हे सगळं होतं, लोक करतातही. पण ताकद वाढली की ती पुढे कुठे जाणार? जुन्या गिअरबॉक्समध्ये, जुन्या मागच्या एक्सलमध्ये. "और ब्रेक? ब्रेक तो वही रहेंगे ना, भिया?" या प्रश्नावर काका गप्प झाले. गणपती घाटाच्या तळाशी त्यांनी काय काय उचललंय ते त्यांनाच माहीत.

टोचनच्या गाडीला पळायचं नसतं. मागे पंधरा-वीस टन लटकलेले असतात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढायचं असतं. तिथे कमी फेऱ्यांवर मिळणारा जोर लागतो, ज्याला टॉर्क म्हणतात. आणि तासभर तसंच चढल्यावरही न तापणारं इंजिन लागतं. मी विचारलं, मग नवीन कॉमन रेलवालं का नको, डिझेलही कमी खाईल. उस्ताद हसले. त्याला स्वतःचा कॉम्प्युटर, सेन्सर, आख्खं वायरिंग लागतं. रात्री दोन वाजता मानपूरजवळ सेन्सर गेला तर तिथे कोण बसलंय? जुन्या इंजिनाचा डिझेल पंप नुसता यांत्रिक. पाना आणि अनुभव असला की काम होतं. क्रेनच बंद पडली तर तिला ओढायला कोण येणार, हा मुद्दा मला एकदम पटला.

थोडक्यात, ६९७ च्या जागी ६९७.

दुसऱ्या दुकानात ते होतं. चकाचक निळा रंग, भाव आमच्या अंदाजापेक्षा बराच कमी. उस्तादांना ताज्या रंगाचा राग आहे. रंग कशावर मारलाय ते दिसत नाही म्हणून. पण दुकानदाराने बॅटरी लावली, प्लास्टिकच्या कॅनमधून डिझेल दिलं, आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं. आवाज गोल, धूर नाही. काकांनी पाकिटाला हात घातला.

"बेटा, नंबर पढ़ो," उस्ताद मला म्हणाले. मी वाकून मोबाइलचा टॉर्च मारला. ब्लॉकवर जिथे नंबर ठोकलेला असतो तिथला रंग बाकीच्यापेक्षा जाड होता. नखाने खरवडला. खाली आडव्या रेघा, ग्राइंडर फिरवल्यासारख्या, आणि त्यावर ठोकलेले आकडे एका ओळीत नव्हते. मी वाचून दाखवले. कोणी काही बोललं नाही. दुकानदार म्हणाला, पुराना माल है, घिस जाता है.

बाहेर येऊन काका आणि उस्तादांचं चांगलंच वाजलं. काकांचं म्हणणं, इंजिन उत्तम आहे, कोण बघतंय? जूनचे दिवस जाताहेत, दारात गाडी उभी आहे, हप्ता चुकलाय. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी घेऊन आरसी बुकात नवा नंबर चढवावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या अशाच बदलांबद्दल आहे, हे मी ट्रेनमध्येच वाचलं होतं. नंबर चोरीच्या गाडीचा निघाला तर गाडी पोलीस ठाण्यात जाणार. विमा कंपनी तर कारणच शोधत असते. मी म्हटलं, "काका, एकदा घाईत पाणी ओतलंत ना?"

असं बोलायला नको होतं. ते काही न बोलता चहाच्या टपरीकडे गेले. मी पाठोपाठ. दोन चहा झाल्यावर म्हणाले, "चल, अजून बघू."

चहावाल्याकडूनच मला २०१० ची गोष्ट कळली, नंतर मी वाचलीही. दिल्ली विद्यापीठातलं वर्षानुवर्षं पडून असलेलं एक यंत्र लिलावातून या बाजारात आलं. आत कोबाल्ट-६० होतं, किरणोत्सर्गी. ते उघडणाऱ्यांना कल्पनाच नव्हती. कितीतरी जण आजारी पडले, एका कामगाराचा जीव गेला. आता मला प्रत्येक ढिगाकडे बघताना वाटत होतं, हे आधी कुठे होतं?

तिसरं इंजिन संध्याकाळी मिळालं. एका म्हाताऱ्या सरदारजींच्या गोदामात, मागच्या कोपऱ्यात, धूळ आणि ग्रीस यांच्या थराखाली. सरकारी लिलावात निघालेल्या पाण्याच्या टँकरचं. कंपनीचा मूळ रंग, नंबर स्वच्छ, लिलावाचा कागद आणि रद्द झालेल्या आरसीची प्रत फाइलीत लावलेली. भाव निळ्या इंजिनापेक्षा जास्त. उस्तादांनी डिपस्टिक काढून बोटावर ऑइल घेतलं. दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय. नव्हतं. क्रँकची पुली पुढे-मागे हलवून बघितली. मग अर्धा तास इंजिन चालवून गरम केलं, कारण थंड इंजिन कुणालाही फसवतं. ऑइल भरायचं झाकण उघडून तळहात धरला. याला बॅक कॉम्प्रेशन बघणं म्हणतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर तिथून भसाभस धूर मारतो. थोडासाच आला. गरम झाल्यावरही ऑइल प्रेशरचा काटा खाली बसला नाही. नोझलमधून एक-दोन ठिकाणी गळती होती, ती उस्तादांनी भाव कमी करायला वापरली.

सरदारजींनी पक्कं बिल केलं. मी इंजिन नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली आणि आकडे पांढरे उमटले, लहानपणी नाण्यावर करायचो तसे. दुसऱ्या दिवशी लाकडी चौकटीत बसवून इंजिन ट्रान्सपोर्टला दिलं. बिल्टी काकांनी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली.

इंजिन बसवायला नऊ दिवस लागले. रेडिएटर नवा घातला, सगळे पाइपही. आरटीओत तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत साहेबांनी माझा पेन्सिलचा कागद ब्लॉकजवळ धरला, एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहिला आणि मान हलवली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात धामनोदहून फोन आला. कांद्याचा ट्रक, घाटाच्या पायथ्याशी बंद. रात्रीचे अकरा, पाऊस. काकांनी निघताना पाण्याचे दोन कॅन गाडीत ठेवले आणि काकूंना ओरडून सांगितलं, "हे प्यायचं पाणी आहे." पहाटे चार वाजता मला मेसेज आला, नुसता एक फोटो. अंधारात डॅशबोर्ड, आणि टेम्परेचरचा काटा मधोमध.