ससाण्याचं वजन

आमच्या चित्रकलेच्या सरांकडे एक छापील चित्र होतं, पुठ्ठ्यावर डकवलेलं. घोड्यावर स्वार झालेली स्त्री, हातावर ससाणा. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. 1700 च्या सुमारास दख्खनमध्ये कुणी तरी काढलेलं, चितारी अज्ञात. स्वार कोण, तर परंपरेनं सांगतात चांदबिबी. नगरच्या मुलीला याहून जास्त काय हवं होतं? पण सर म्हणाले, "अगं, चांदबिबी 1600 मध्ये मारली गेली. शंभर वर्षांनी काढणाऱ्यानं तिला कुठं पाहिलं असेल? नाव राहू दे. आधी मनगट बघ."

मला ते मनगट काही जमेना. मग त्यांनी पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या माझ्या हातात दिला आणि हात लांब करून उभं राहायला सांगितलं. हात भरून आला, कोपर खाली यायला लागलं, खांदा आपोआप मागे गेला. "आता काढ," म्हणाले. त्या बिननावाच्या चिताऱ्याला पक्ष्याचं वजन ठाऊक होतं, हे मला त्या दुपारी कळलं. माझी इंटरमिजिएटची फी सरांनीच भरली, रंगपेटीही घेऊन दिली. वडील पैसे द्यायला गेले तेव्हा त्यांनी चहा पाजला आणि पैसे तेवढे परत केले.

आम्हाला ते शहा डोंगरावरही स्केचिंगला नेत. गावभर ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात, ती खरं तर सलाबतखानाची कबर, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

पुढे कॉलेजात असताना पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानं 1987 मध्ये काढलेलं पुस्तक हाती आलं. मंडळाकडे आफताबीच्या फारसी काव्याची सचित्र पोथी आहे. हुसेन निजामशहाची स्तुती, 1565 च्या तालिकोटच्या लढाईतला विजय, आणि सोबत बारा चित्रं. मुळात ती चौदा होती. इथंही चिताऱ्याचं नाव नाही. हुसेनशेजारी राणी खुंझा हुमायून होती, चांदबिबीची आई. पतीमागे तिनं कारभार पाहिला, मग मुलानं, मुर्तझानं, तिला कैदेत टाकलं. बहुतेक चित्रांत तिच्यावर रंग फासलेला आहे, तो त्या वैरापायीच असावा, असं अभ्यासक मानतात. मला ते फार लागलं. लेकीचं म्हणून जे चित्र मी वर्षानुवर्षं पाहत आले, ते तिच्या मागे शंभर वर्षांनी काढलेलं. आणि आईला तिच्याच काळातल्या कुणी रंगवलं, तर ती पुसून टाकलेली.

झेरॉक्स घेऊन मी नगरला सरांकडे गेले. तेव्हा ते निवृत्त झाले होते, नजरही अधू झालेली. भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मी राणीची जागा दाखवायच्या आत त्यांचं बोट तिथं गेलं होतं. "बाईला काढलं गं, पण तिच्यासाठी केलेली मांडणी कशी काढणार? सगळं चित्र तिच्याकडे तोंड करून बसलंय."

मी फीचा विषय काढला. इतक्या वर्षांनी तरी काही तरी घ्या, असं म्हणत होते. त्यांनी हात हलवून मला गप्प केलं आणि पुढचा कागद मागितला. तो स्त्रीच्या स्पर्शानं बहरणाऱ्या झाडाचा होता.