सुरतेत राहिलेले परके

सुरत म्हटलं की मराठी मनात एकच गोष्ट येते. १६६४ चा जानेवारी, महाराजांची स्वारी आणि किल्ल्यात दडून बसलेला इनायतखान. शाळेच्या पुस्तकातून ती अशी काही डोक्यात बसली आहे की त्या गोष्टीतली सुरत हे गाव नसतंच, तो नुसता खजिना असतो. तिथे कोण राहत होतं, कोण आजारी पडत होतं, कोण मरत होतं, असले प्रश्न आपल्याला पडत नाहीत. मला ते पडले दोन वर्षांपूर्वी, कामासाठी सुरतेला गेलो असताना, कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रज कबरस्तानात.

पहिल्यांदा बघताना वाटतं, आपण चुकून कुठल्या तरी नवाबाच्या मकबऱ्यात शिरलो. घुमट, कमानी, खांब, सगळा थाट मुघली. आत झोपलेत मात्र ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी. इंग्रजांची वखार इथे १६१३ ची. मोठी जहाजं तापीच्या मुखाजवळ सुवाळीला नांगरायची आणि माल तिथून शहरात यायचा. ही माणसं तेव्हा राज्यकर्ते नव्हती. बादशहाच्या फर्मानावर जगणारे, सुभेदाराची मर्जी सांभाळणारे परके होते. मग एवढ्या मोठ्या कबरी कशाला? मला वाटतं, त्याचसाठी! जिवंतपणी दरबारात खाली मान घालावी लागायची, ती कसर मेल्यावर भरून काढली. शेजारी डच होतेच चढाओढीला.

यातली सगळ्यात मोठी कबर ऑक्झेंडन बंधूंची. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ मध्ये गेला. त्याचा लॅटिन मृत्युलेख एखाद्या वखारीच्या कारकुनाला शोभेल असा, चक्क जमाखर्चाच्या भाषेत आहे. त्याला वर्षं मोजता आली नाहीत, दिवसच मोजावे लागले, कारण मृत्यूनं अचानक हिशेब मागितला. मालकांचा नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा स्वतःचा जीव गेला, अशा अर्थाचं काहीसं पुढे आहे. वाचताना हसू येतं आणि लगेच घशाशी काहीतरी अडकतं.

थोरला सर जॉर्ज. १६६४ मध्ये सुरतेच्या वखारीचा प्रमुख हाच होता. सुभेदार किल्ल्यात लपला तेव्हा यानं मूठभर माणसांनिशी वखार राखली. त्याबद्दल औरंगजेबानं मानाचा पोशाख दिला आणि कंपनीनं सुवर्णपदक. चार वर्षांनी मुंबई कंपनीच्या ताब्यात आली तेव्हा तिचाही कारभार याच्याकडे आला. पण १६६९ मध्ये तो सुरतेतच वारला. आणि १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला जो इंग्रज वकील हजर होता, ज्याच्या वर्णनाचे दाखले आपण अभिमानानं देतो, तो हेन्री ऑक्झेंडन याच घराण्यातला. म्हणजे आपल्या दोन आवडत्या प्रसंगांच्या पलीकडच्या बाजूला हे एकच आडनाव उभं आहे.

डच कबरस्तानात आणखी एक धक्का होता. तिथली सर्वांत भव्य, दुमजली कबर हेन्ड्रिक व्हान रेडेची. १६९१ च्या डिसेंबरात सुरतेला येताना समुद्रातच तो वारला. कधीकाळी या कबरीच्या आत चित्रं, बायबलमधली वचनं आणि खिडक्यांना सुरेख लाकडी नक्षी होती. हा व्हान रेडे कोचीनचा डच गव्हर्नर होता तेव्हा त्यानं मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ करवून घेतला. त्याला माहिती दिली इट्टी अच्युदन या वैद्यानं आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मणांनी. १६७८ च्या पहिल्या खंडात या तिघांची कोकणीतली साक्ष नागरी लिपीत छापली आहे. नागरी लिपीच्या छपाईचा हा अगदी सुरुवातीचा नमुना. आता ही ओळ ज्या लिपीत तुम्ही वाचताय, तिच्या छपाईच्या गोष्टीत सुरतेतला हा डच माणूसही आहे.

मुंबईतल्या इंग्रजांत तेव्हा एक म्हण होती, माणसाचं आयुष्य म्हणजे दोन पावसाळे. सुरतेतही फार वेगळं नसावं. पैसा कमवायला आले आणि ताप, हगवण यांनी नेले. घरी पत्र पोचायला अर्धं वर्ष लागायचं. तोवर आई मुलाची वाट बघत असणार, तो मातीत गेलेला असताना.

हे सगळं एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘अरे, ज्यांनी पुढे आपल्याला लुटलं त्यांची थडगी आपण आपल्या पैशानं जपायची?’’ प्रश्न रास्त आहे. पुरातत्त्व खात्यानं ही स्मारकं संरक्षित केली आहेत, म्हणजे पैसा आपलाच. त्यांच्या वंशजांपैकी कुणी दिवा लावायला येत नाही. आपल्याकडे ज्याच्या मागे पाणी सोडायला कुणी नाही त्याला आपण बेवारस म्हणतो.

पण श्राद्धात आपण नाव-गोत्र माहीत नसलेल्यांसाठीही पाणी सोडतोच की! त्यात त्यांना माफ करण्याचा प्रश्न नसतो. ते आपल्या मातीत गेले, एवढंच पुरतं. शिवाय या कबरी पडल्या तर नुकसान इंग्रजांचं होणार नाही, त्यांना आठवणही नाही. आपल्याच गोष्टीतली अर्धी माणसं नाहीशी होतील आणि सुरत पुन्हा नुसता खजिना उरेल.