डावी कूस

आमच्या मिरजेच्या घरात छातीतल्या प्रत्येक तक्रारीचं मूळ पित्तात निघायचं. आजोबांना जळजळलं की पित्त, आईचं डोकं उठलं की पित्त, आणि लग्नघरात राबराब राबून आत्याला धडधडायला लागलं तर तेही पित्तच. गावात डॉक्टरांचा तुटवडा नव्हता. वॉनलेससाहेबांनी १८९४ साली उभं केलेलं मिशन हॉस्पिटल होतं आणि लांबलांबून, पार कर्नाटकातून, पेशंट मिरजेला येत. पण आम्ही तिथे जायचं ते हाड मोडल्यावर नाहीतर बाळंतपणाला. धडधडीसाठी आमसुलाचं पाणी, चिमूटभर ओवा, फारच झालं तर सोडा.

आजोबांचे एक वैद्य मित्र होते. ओसरीवर बसून ते आजोबांचं मनगट हातात घेत, तीन बोटं टेकवत आणि डोळे मिटत. वाताची नाडी सापासारखी चालते, पित्ताची बेडकासारखी उड्या मारते, कफाची हंसाच्या चालीनं जाते, असं ते सांगत. हे शार्ङ्गधरसंहितेत आहे, हे मी खूप पुढे वाचलं. त्या वयात रात्री पांघरुणात स्वतःच्या मनगटावर बेडूक शोधत पडायचे. कधी सापडायचा, कधी नाही.

शाळेत वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी माझं नाव पुकारेपर्यंत छाती अशी उडायची की समोरच्या बाकावरच्या मुलींना ती पोलक्यावरून दिसत असेल असं वाटायचं. त्या धडधडीला मात्र कुणी पित्त म्हणत नसे. ‘घाबरलीय बिचारी,’ म्हणत. छाती तीच, ठोके तेच, पण निकाल प्रसंग बघून लागायचा. जेवणानंतर झालं तर पोटाचं, परीक्षेआधी झालं तर मनाचं. दोन खाती वेगळी, दोन्हींचे कारकून वेगळे.

लग्नानंतर डोंबिवली आणि फोर्टातली बँक. पुलाच्या पायऱ्या उतरताना गाडी फलाटाला लागलेली दिसली की पळायचं, लेडीज डब्यात घुसायचं आणि दांडीला लटकायचं. छातीचे ठोके ठाण्यापर्यंत कानात वाजत राहायचे. मिनिटाला दीडशे तरी असतील. आजूबाजूच्या सगळ्याजणींची तीच गत, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नसे. कारण डोळ्यांसमोर असलं की हृदय कितीही धावो, माणूस निवांत असतो. हीच गती गादीवर पडल्या पडल्या आली तर तो घरच्यांना उठवतो.

गरोदरपणात बाईचं हृदय बसल्या जागीसुद्धा मिनिटाला दहा-वीस ठोके जास्त घेतं, कारण अंगातलं रक्तच वाढलेलं असतं. तेव्हा जिना चढून आले की मी अर्ध्यावर थांबत असे. पण त्या दिवसांतली लक्षात राहिलेली धडधड माझी नाही. डॉक्टरीणबाईंनी पोटावर डॉप्लर फिरवलं आणि खोलीभर एक भरधाव आवाज सुटला. पोटातल्या बाळाचं हृदय मिनिटाला ११० ते १६० ठोक्यांनी चालतं, हेच त्याचं नेहमीचं. इतकं वेगात पळणारं हृदय ऐकून मला हसू आवरेना.

चाळिशी उलटली, पाळीचं गणित बिघडायला लागलं, आणि त्याच सुमाराला रात्रीची धडधड सुरू झाली. झोप लागून तास-दोन तास झालेले असायचे. जाग यायची तेव्हा हृदय आधीच सुटलेलं असायचं. घशाशी आंबट, एखादी करपट ढेकर, आणि मध्येच एक ठोका गायब. क्षणभर काहीच नाही, मग आतून कुणी दार ठोकल्यासारखा एक दणका. उठून बसायचं, पाणी प्यायचं, गॅलरीत जाऊन उभं राहायचं. नवरा झोपेतच विचारायचा, ‘काय गं?’ मी म्हणायचे, ‘पित्त.’ घराण्याचं उत्तर.

डॉक्टरांचं उत्तर वेगळं होतं. ‘घरी काही टेन्शन?’ सासूबाईंचं दुखणं, मुलीची बारावी, बँकेत विलीनीकरणाच्या वावड्या. टेन्शन नाही असं कोण म्हणेल? तेवढ्यावर निदान झालं आणि झोपेची हलकी गोळी मिळाली. चाळिशीपुढची बाई धडधड घेऊन गेली की आधी तिच्या घरच्या कटकटी विचारतात आणि मग, आठवण झाली तर, कार्डिओग्राम काढतात. हा क्रम उलटा आहे. रक्त कमी असणं, थायरॉइड, पाळी जातानाचे हार्मोनचे चढउतार, दम्याची औषधं, पेल्यामागून पेले चहा, यातलं काहीही छाती धडधडवू शकतं. आणि यातल्या कशावरही ‘काळजी करू नका’ हा उतारा नाही.

मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं, कार्डिओग्राम काढला, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि रात्रीच्या जेवणाची वेळ विचारली. लोकलनं घरी पोचून, स्वयंपाक करून, सगळ्यांना वाढून मी जेवायचे ती दहानंतर, आणि जेवले की आडवी. त्यांनी आम्ल कमी करणारी गोळी दिली, जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं, पलंगाची उशाकडची बाजू उंच करायला सांगितली आणि म्हणाले, डाव्या कुशीवर झोपा.

डाव्या कुशीचं आम्हाला नवं नव्हतं. दुपारच्या जेवणानंतर आजोबा वामकुक्षी करत ती शब्दशः डाव्या अंगावर, हात डोक्याखाली घेऊन. त्यामागचं कारण साधं आहे. जठराचा फुगवटा डावीकडे असतो. डाव्या कुशीवर झोपलं की आतलं आम्ल त्या फुगवट्यात साचतं आणि अन्ननलिकेचं तोंड त्याच्या वर राहतं. उजव्या कुशीवर हे उलटं होतं. मी सूचना पाळली. जळजळ खरंच कमी झाली. आणि धडधड वाढली!

वाढली म्हणजे जास्त ऐकू यायला लागली. डाव्या कुशीवर हृदयाचं टोक बरगड्यांच्या आणखी जवळ येतं. एरवी न कळणारा ठोका गादीतून, उशीतून, थेट कानात पोचतो. म्हणजे पित्तासाठी डावीकडे वळावं तर हृदय समोर येऊन उभं, आणि हृदय टाळायला उजवीकडे वळावं तर पित्त घशाशी. कित्येक रात्री मी अशी कूस बदलत काढल्या. लहानपणच्या त्या दोन खात्यांच्या मध्ये मला कुणी झोपवलंय, असं वाटायचं.

म्हणून वाचायला लागले. बँकेतली सवय. दोन खात्यांचे आकडे जुळेनात तर व्यवहार मुळात कुठे झाला ते शोधायचं. तर अन्ननलिका छातीतून खाली उतरताना हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला पाठीमागून अगदी टेकून जाते. इतकी, की तो कप्पा नीट पाहायचा तर डॉक्टर सोनोग्राफीची नळी घशातून अन्ननलिकेत सोडतात. मेंदूतून निघणारी व्हेगस नावाची लांबलचक नस गळ्यातून उतरते आणि हृदय, अन्ननलिका, जठर या तिघांनाही फाटे देते. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते याचं: हृदयात ठोका सुरू करणारी जी गाठ असते, तिला कुणी आवरलंच नाही तर ती आपणहून मिनिटाला शंभराच्या आसपास चालते. आपली बसल्या जागची सत्तर ही व्हेगसनं सतत लावलेल्या ब्रेकची किमया. म्हणजे छाती धडधडायला दर वेळी कुणी चाबूक मारावा लागतोच असं नाही, ब्रेकवरचा पाय उचलला तरी पुरे.

हा ब्रेक कसा लागतो ते ऑस्ट्रियात ग्राझ गावी ओटो लोवी यांनी दाखवलं, आणि दाखवलं ते बेडकावर. एका रात्री त्यांना स्वप्नात प्रयोग सुचला, चिठोऱ्यावर लिहून ठेवला, आणि सकाळी स्वतःचं अक्षर स्वतःलाच लागेना. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच सुचलं तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले. एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस डिवचली, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या बेडकाच्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. नसेतून काहीतरी रसायन सुटतं, हे त्यातून सिद्ध झालं. १९२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्या जोडीनं त्यांना नोबेल मिळालं. रात्री-अपरात्री दचकून उठणाऱ्यांपैकी एकाला तरी त्याचा फायदा झाला म्हणायचा.

मग जळजळीनं धडधड होते का? काहींना होत असावी. आम्लानं चिडलेल्या अन्ननलिकेतून व्हेगसमार्फत हृदयापर्यंत कुरबुर जाऊ शकते, पण तो धागा शास्त्रानं अजून पक्का बांधलेला नाही. त्याहून पुष्कळदा घडतं ते आडमार्गानं. आम्ल घशाशी आलं की झोप मोडते, अंधारात छातीत काहीतरी होतंय हे कळतं, भीती वाटते, अॅड्रिनलिन सुटतं. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, हवा गिळतो, पोट फुगतं, पुन्हा घशाशी. शिवाय उशिरा केलेलं जड जेवण पोटालाही जड आणि हृदयालाही, कारण जेवणानंतर आतड्यांकडे जास्त रक्त धाडायला ठोके वाढतातच. आणि विनोद असा की आम्लाच्या ज्या गोळ्या लोक वर्षानुवर्षं डॉक्टरांना न विचारता घेतात, त्या काहींच्या रक्तातलं मॅग्नेशियम उतरवतात, आणि ते फार उतरलं की हृदयाचा ताल बिघडतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११ मध्ये तसा इशाराच दिला होता. तेव्हा पित्त की मन, हा प्रश्नच मला आता कोर्टातल्यासारखा वाटतो. आरोपी एकच हवा, बाकीचे निर्दोष. शरीर असले निकाल देत नाही.

विचारायला हवं ते दुसरंच. या धडधडीत काही घातक आहे का? चक्कर येऊन पडणं, चालताना छाती आवळणं, घाम फुटून दम लागणं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यातलं काही असेल तर पित्त आणि टेन्शन दोन्ही उत्तरं बाजूला ठेवायची आणि हॉस्पिटल गाठायचं. आमच्याकडे सोडा पिऊन पहाटेची वाट पाहणारे सगळेच पहाट पाहू शकले नाहीत. हे लिहायलाही मला आवडत नाही, पण प्रत्येक कुटुंबात असा एक तरी किस्सा निघतो.

मला होल्टर लावलं. साधा कार्डिओग्राम दहा सेकंदांचा. बाकीच्या दिवसात हृदय काय करतं ते त्याला कळत नाही. नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकी माणसानं १९४०च्या दशकात केलेलं पहिलं यंत्र पाठीवर वाहायचं होतं आणि त्याचं वजन ३८ किलोंच्या घरात होतं. माझं खिशात मावलं. अंगाला वायरी चिकटवून मी चोवीस तास काढले, आणि त्या रात्री मला लहान बाळासारखी झोप लागली! तरी रिपोर्टात काही सापडलंच. अधूनमधून एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग हृदय क्षणभर थांबतं, आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आतून दार ठोकणारा तो. निरोगी माणसांनाही असे ठोके पडतात, बहुतेकांना कळतही नाहीत. ‘काही नाही,’ डॉक्टर म्हणाले. सुटल्यासारखं वाटलं, आणि थोडा रागही आला. इतक्या रात्रींचं जागरण आणि त्याचं नाव काही नाही? मग त्यांनी स्वतःहून कागदावर ठोक्यांची रेघ काढून दाखवली, कुठला लवकर पडतो, कुठे थांबतो. त्या रेघेचा उपयोग गोळीहून जास्त झाला. अजूनही ठोका चुकतो, पण मी आता कूस बदलत नाही.

२०२१ मध्ये घराघरात ऑक्सिमीटर आले. लोक वरचा आकडा ९५च्या खाली जातोय का ते बघायचे, मी खालचा नाडीचा आकडा बघत बसायचे. बघत राहिलं की तो वाढतो, हे मला तेव्हा कळलं आणि ते यंत्र मी नवऱ्याच्या कपाटात ठेवून दिलं. मुलगी आता मनगटावर घड्याळ बांधून फिरते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये ते तिला सांगतं की तुझे ठोके वाढलेत. बॉस बोलत होता हे त्याला कुठलं माहीत.

आमच्या इमारतीतल्या काकू सत्तरी ओलांडलेल्या. भजनी मंडळात टाळ त्यांच्याकडे असतो आणि तालाला त्या पक्क्या आहेत. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी आल्या. ‘छातीत धडधडतंय गं, पित्ताची गोळी आहे का तुझ्याकडे?’ मी त्यांना बसवलं, चक्कर येतेय का, छातीत दुखतंय का, ते विचारलं. दोन्ही नाही. मग म्हटलं, कशी धडधडतेय ते टेबलावर वाजवून दाखवा. हृदयाचे डॉक्टर पेशंटला असं करायला सांगतात. संथ की जलद, एकसारखं की अडखळत, हे शब्दांपेक्षा बोटांना नीट सांगता येतं. काकूंनी बोट टेकवलं, डोळे मिटले, दोन-तीनदा वाजवलं, थांबल्या, पुन्हा वाजवलं. कपाळाला आठी पडली.

‘ह्याला ठेकाच नाही गं,’ त्या म्हणाल्या. ‘कुठेही पडतंय.’

मी रिक्षा बोलावली. कार्डिओग्रामात एट्रियल फिब्रिलेशन निघालं. म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, आणि तिथे रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जायची धास्ती असते. त्यावर रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली, ठोके आवरणारीही. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला, आवाज खणखणीत.

‘ऐकलंस का? गोळ्या दिल्यात त्यांनी. आणि त्यातली सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती पित्ताची आहे. मी म्हणत होते ना?’