काचेवरचं धुकं

आमच्या जुन्या व्हॅनमधल्या त्या तीन दांड्यांना मी कधी हात लावला नव्हता. गाडीचं खातं ह्यांचं, असा सोयीस्कर समज!

गेल्या जुलैत आंबेनळी घाटात पावसानं झोडपलं. काचा बंद, आत आम्ही पाचजण. बघता बघता समोरची काच आतून पांढरी झाली. मी पदरानं पुसतेय, पुढचं वळण दिसेना, मुलं रडवेली. ह्यांनी कशीबशी गाडी कडेला घेतली.

तेव्हा कुठे त्या दांड्यांवरची चित्रं नीट पाहिली. आमचेच श्वास गार काचेवर पाणी होऊन बसत होते. पाचवीच्या वर्गाला संघनन मीच शिकवते की! एक दांडी बाहेरची हवा आत घेण्याकडे सरकवली, दुसरी काचेच्या चित्राकडे, तिसरी लाल टोकाकडे, आणि पंखा लावला. इंजिनाच्या गरम पाण्यावर तापलेली हवा काचेवर आली नि थोड्याच वेळात काच लख्ख!

"धूळ नको म्हणून उन्हाळ्यात मीच ती बंद केली होती," हे ओशाळून म्हणाले.

मैत्रिणींनो, मिक्सरची बटणं शिकतो तशी हीही शिकून घ्या. पण पावसाळ्याआधी, दारात उभ्या असलेल्या गाडीत. घाटात नको!