छित्तराजाचे देऊळ

लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये फरशीवर चिलखतातले दगडी सरदार उताणे निजलेले आहेत. त्यांतला एक पुतळा विल्यम मार्शलचा मानला जातो. १२१९ साली तो वारला आणि पुढे त्याच्या थोरल्या मुलाने जवळपास १९ हजार ओळींचे फ्रेंच पद्यचरित्र लिहवून घेतले. देह, नाव आणि कथा एकाच माणसाच्या वाट्याला आली. आपल्याकडे देह चितेवर जातो, म्हणून लढवय्याचे नावानिशी स्मारकही नसते, असे आपण सहज धरून चालतो. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ पाहिले तर ते खरेही वाटते. गलबतांची लढाई, मरण, अप्सरांनी नेलेला वीर, शेवटी शिवपूजा, असे सारे खालून वर क्रमाने कोरलेले आहे. वाचता येईल असे नाव तेवढे नाही. तरीही माझे म्हणणे असे की अंबरनाथचे शिवमंदिर एका शिलाहार राजाचे स्मारक म्हणून वाचावे. तो राजा म्हणजे छित्तराज.

पुरावा उत्तरेच्या दारावरच्या तुळईवर आहे. शके ९८२ म्हणजे १०६० सालचा तो लेख महामंडलेश्वर मम्वाणीच्या, म्हणजेच मुम्मुणीच्या, राजवटीतला आहे. पण जे भवन उभे केले ते छित्तराजदेवाचे, असे तो सांगतो. छित्तराज मुम्मुणीचा थोरला भाऊ. त्याच्या आधी, चुलता अरिकेसरीच्या काळात, माळव्याच्या भोजाने कोकण जिंकल्याचा उत्सव करून १०२० साली दाने दिली होती. अशा हादरलेल्या गादीवर छित्तराज आला. १०२६ च्या भांडुप ताम्रपटात तो साष्टीतली जमीन दान देताना दिसतो. मध्ये नागार्जुन हा दुसरा भाऊ राज्य करून गेला, मग मुम्मुणी आला. सोड्ढल कवीने 'उदयसुंदरीकथे'त या तिघांनीही आपला मान राखल्याचे नोंदवले आहे. म्हणजे कथाकारही त्यांना लाभला होता, फक्त त्याने आपली प्रतिभा राजाच्या चरित्रावर खर्च केली नाही. कवीच तो!

यावर पहिला आक्षेप येईल तो देवाच्या नावाचा. तमिळ देशात राजराज चोळाने मेल्पाडीला आजोबा अरिंजयासाठी देऊळ बांधले, तेव्हा देवालाच अरिंजयाचे नाव दिले. अंबरनाथला छित्तरेश्वर नाही. हे मान्य करावेच लागते. पायऱ्या उतरून जावे लागणारा गाभारा पाहून तळघरातल्या थडग्याची आठवण काढण्याचा मोहही टाळावा. तिथे पिंडी आहे, राख नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: छित्तराजाने सुरू केलेले काम धाकट्याने पुरे केले आणि लेखात त्याची नोंद झाली, यात स्मरण कसले? पण छित्तराजाची राजवट आणि हा लेख यांच्या मध्ये दोन दशकांहून अधिक काळ आणि आणखी एका भावाची कारकीर्द गेली होती. अर्धवट वास्तू पुरी करणाऱ्याने सगळे श्रेय स्वतःकडे घ्यावे, याला कोणाची हरकत असणार होती? मुम्मुणीने तसे केले नाही. मार्शलच्या मुलाने बापासाठी जे शब्दांत केले, ते त्याने काळ्या पाषाणात केले. मरणाचे वर्णन लेखात नाही, पण स्मारकाला मरणच दाखवावे लागते असे थोडेच आहे? टेम्पल चर्चमधल्या कित्येक मूर्तींचे डोळे उघडेच आहेत.

लोकांनी मात्र हे देऊळ पांडवांना देऊन टाकले, तेही एका रात्रीत बांधल्याचे सांगून. ती कथा राहू द्यावी. पण वालधुनीकाठी महाशिवरात्रीला उल्हासनगर-बदलापूरहून जी गर्दी लोटते, तिला पांडवांच्या आधी या भावांची नावे सांगायला हवीत.