लाल झेंडा आणि घरखर्चाची वही

मालवणच्या बाजारपेठेत किराण्याची पेढी असलेले एक वयोवृद्ध गृहस्थ रविवारी दुपारी नातवाशेजारी दूरचित्रवाणीसमोर बसले होते. नातवाने फॉर्म्युला वन मोटार शर्यतीचे जुने चित्रीकरण लावले होते. आजोबांना शर्यतीतले फारसे कळत नसे. हिशेब मात्र कळत असे. गाडीची चारही चाके तीन-चार सेकंदांत बदलली गेली, तेव्हा त्यांनी विचारले, "एवढ्या माणसांचा पगार कोण देतो रे?"

बाकाखाली मोत्या निजला होता. दहा वर्षांपूर्वी भर पावसात पेढीच्या पायरीवर आसऱ्याला आलेले पिल्लू घरचेच होऊन राहिले होते. आदल्या दिवशी दुचाकीच्या धक्क्याने त्याचा मागचा पाय मोडला. पशुवैद्यकीय दवाखान्यात तात्पुरती पट्टी बांधून मिळाली. शस्त्रक्रियेसाठी मात्र घाट चढून कोल्हापूर गाठावे लागणार होते. गाडीभाडे, क्ष-किरण तपासणी, भूल, हाडात घालायची सळई, नंतरच्या खेपा, या सर्वांची बेरीज पेढीवरील नोकराच्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक होत होती. थोरले चिरंजीव हलक्या आवाजात म्हणाले होते, "बाबा, त्याचं वय झालंय. एवढा खर्च..." वाक्य अपुरेच राहिले. निर्णय संध्याकाळपर्यंत घ्यायचा होता.

खर्च वाढला होता हे खरेच. पूर्वी उरलेला भात आणि दूध-पोळी यांवर कुत्रे पोसले जाई. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने तयार खाद्य आणावे लागे. त्यातही घरात शाकाहारीच चाले आणि ते मुंबईहून मागवावे लागे. गुरांच्या पेंडीवर कर नाही, कुत्र्याच्या खाद्यावर मात्र १८ टक्के, हे व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटणारे नव्हते. पशुवैद्यांच्या उपचारांवर वस्तू व सेवा कर नाही, एवढाच दिलासा.

"आजोबा, हे बघा!" नातू ओरडला. पडद्यावर ग्रेटर नोएडाचा बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्ग होता. तारीख २८ ऑक्टोबर २०११, भाऊबीजेचा दिवस. भारतातील पहिल्या फॉर्म्युला वन शर्यतीचा सराव नुकताच सुरू झाला होता आणि एक भटके कुत्रे मार्गावर शिरले होते. लाल झेंडा दाखविला गेला. वाऱ्याशी पैज घेणाऱ्या गाड्या थांबल्या. कुत्र्याला बाहेर काढल्यावरच सराव पुन्हा सुरू झाला. रविवारी ६० फेऱ्यांची शर्यत सेबास्टियन फेटेलने जिंकली. पण आजोबांच्या मनात ते कुत्रेच राहिले.

त्यांना वडिलांनी सांगितलेली हकिगत आठवली. १८३२ मध्ये मुंबईत कंपनी सरकारने बेवारस कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी मंडळींबरोबर जैन व हिंदू व्यापाऱ्यांनीही दुकाने बंद ठेवली. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. तिच्या खर्चासाठी व्यापारी आपल्या मालाच्या व्यवहारावर लाग भरीत. मुक्या जिवाचा खर्च तेव्हा साऱ्या बाजाराने वाटून घेतला होता. म्हणून तो कोणा एकाला जड गेला नाही. आज प्रत्येक घर तो एकट्याने मोजते, आणि मोजताना हात थबकतो.

आजोबांनी चिरंजीवांना हाक मारली. "गाडीवाल्याला सांग, पहाटे कोल्हापूरला निघायचं. आणि पांजरपोळीसाठी पेढीवरून दरमहा काही बाजूला काढायचं. शेजारच्या दुकानांनाही विचारू."

"मोत्याचा खर्च धर्मादाय खात्यात टाकू का, बाबा?"

"नको. धर्मादाय परक्यासाठी असतो. घरखर्चात लिही."

बाकाखाली मोत्याने आवाज ओळखून शेपटी एकदा जमिनीवर आपटली.