भात्याचा हात

दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून माझ्या पेटीच्या वर्गात गर्दी वाढली. पालक पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, नववीपर्यंत किती परीक्षा होतील?" त्यांना दोष कसा देऊ? पण शिकवणाऱ्यानंही तेच गणित मांडलं की वर्षभर तेच चार राग, त्याच पाठ केलेल्या ताना. प्रमाणपत्र हाती येतं, आणि मंदिरातल्या भजनात बुवांनी नेहमीची काळी दोन सोडून पांढरी चार धरली की पोराची बोटं जागच्या जागी थांबतात.

जालन्यात पेटीचं नाव काढलं की आप्पा जळगावकर आठवणारच. 1922 साली ते इथे जन्मले. सुरुवात केली गाण्यानं, पेटी नंतर आली. मला ही गोष्ट त्यांच्या 2000 सालच्या संगीत नाटक अकादमी पुरस्कारापेक्षा मोठी वाटते. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर यांच्यामागे बसून साथ करायची तर गळा आता कुठे वळणार, हे आधी कळावं लागतं. ते कळतं स्वतः गायलेल्या माणसाला.

आप्पांना अठरावं वर्ष चालू असताना, 1940 मध्ये, आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं. ते किलकिलं झालं 1971 मध्ये. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पेटीवर मींड निघत नाही. शिवाय पियानोसारखेच तिचे बारा स्वर समान अंतरावर बसवलेले. सप्तकाचे 1200 सेंट धरले तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार 386 वर आहे, पेटीचा 400 वर. चौदा सेंटनी चढा! कान तयार असेल तर ते टोचतं. म्हणून गायक गंधारावर स्थिरावला की मी मुलांना सांगतो, तू गंधार दाबून धरू नकोस. षड्ज-पंचमावर ये, भाता हलका ठेव, त्याला त्याचा गंधार लावू दे. वाद्याची खोड माहीत असणं हा तयारीचाच भाग. पण अभ्यासक्रमाच्या पुस्तकात याचा शोध घेऊ नका.

खरी गोम डाव्या हातात आहे. पियानोत आवाज लहानमोठा होतो तो बोटाच्या आघातानं. पेटीत पट्टी कितीही जोरात आपटा, काही फरक पडत नाही. सगळा जीव भात्यात. आतल्या भात्यात हवा साठलेली असते. ती संपण्याआधी बाहेरचा भाता भरून घ्यायचा, आणि तो भरताना सुराला धक्का बसता कामा नये. मी नव्या मुलाला नुसता 'सा' धरायला लावतो. बारीक सुरू कर, भरत ने, पुन्हा बारीक कर. कंटाळतात बिचारी! मोबाइलवर कुणाची तरी द्रुत गतीतली तान पाहून आलेली असतात, त्यांना बोटं पळवायची असतात. बोटं पळतात हो, सहा महिन्यांत पळतात. सूर फुलवायला मात्र कितीतरी जास्त काळ जातो.

हल्ली आमच्याकडे कॅसिओ कीबोर्डचेही वर्ग निघालेत. त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही, शिकण्यासारखं तिकडेही आहे. लंडनच्या एबीआरएसएम मंडळाच्या पियानोच्या ग्रेडच्या प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षक छोटी सुरावट वाजवतो आणि मुलाला ती गाऊन दाखवावी लागते. न पाहिलेलं स्वरलेखन समोर ठेवून तिथल्या तिथे वाजवायलाही लावतात. या दोन्हींत पाठांतराला थारा नाही. आपण ग्रेडचा दिमाख उचलला, ही कानाची परीक्षा मात्र तिकडेच राहिली.

आपल्याकडे तिची जागा भजनी मंडळांनी आणि कीर्तनांनी घेतली होती. आमच्या जिल्ह्यातल्या जांब समर्थच्या रामनवमीला कीर्तनामागे पेटी धरणाऱ्याला कुणी आधी चाल सांगत नाही. बुवा आख्यानाच्या भरात पद उचलतात, पट्टी बदलतात, मध्येच थांबून बोलू लागतात. त्या चार तासांत जे घडतं ते वर्गात घडत नाही. म्हणून परीक्षेचा अर्ज भरण्याआधी मुलानं एखाद्या भजनात साथ केलीच पाहिजे, असा नियम शिकवणाऱ्यांनी करावा. मी केला आहे. काही मुलं सोडून गेली, जाऊ देत.

आणि पालकांनी घरी एवढंच करावं. पेटीचा भाता मिटायचा आणि पोरानं आज जे वाजवलं ते गाऊन दाखवायला सांगायचं. जमत नसेल तर मास्तरांना जाब विचारा. मलासुद्धा.